सावनदुर्गाला अण्णांनी बूट घातले

नवे बूट करकर वाजू नयेत असा कायदा स्वातंत्र्यानंतरच्या कोणत्याही सरकारने अद्याप केलेला नाही, ही मोठी खेदाची बाब आहे. गेल्या शनिवारी पहाटे मी बेंगळूरच्या चामराजपेटेतून बसच्या अड्ड्याकडे निघालो, तेव्हा माझ्या पायांनी सबंध गल्लीला जाग आणली. एका ओसरीवरून "यारु?", कोण आहे, अशी कानडी दरडावणीही झाली. शेजारून माझे थोरले बंधू अण्णा मांजराच्या पावलांनी चालत होते. त्यांच्या पायांत निळे कॅनव्हासचे बूट होते, आणि या सहलीचं सगळं कारस्थान त्या बुटांभोवतीच शिजलं होतं.

सावनदुर्ग म्हणजे मागडीजवळचा एकच एक प्रचंड खडक. अण्णा दरवर्षी तिथे जातात, पायथ्याशी नरसिंहाचं दर्शन घेतात आणि अनवाणीच माथ्यावरच्या नंदीपर्यंत चढतात. यंदा त्यांना मधुमेह निघाला. पायाला जखम होऊ द्यायची नाही, चिघळली तर पाय कापायची पाळी येते, असं डॉक्टरांनी बजावलं. वहिनींनी मला बाजूला घेतलं. "भावजी, जाऊ नका म्हटलं तर हे ऐकायचे नाहीत. निदान अनवाणी चढू देऊ नका. तेवढं तुमच्यावर."

अण्णांचं म्हणणं एकच : देवाच्या डोंगरावर चामडं नेणार नाही. पाठशाळेत घालवलेली माझी वर्षं अखेर कामी आली.

"अण्णा, शास्त्राचा निषेध चामड्याला आहे. रबर निघण्यापूर्वीच सगळे ऋषी निवर्तले. जे त्यांनी पाहिलंच नाही, त्याला ते नको कसं म्हणतील?"

"शास्त्रीबुवा, तुमच्याकडून कुणीही काहीही वदवून घेईल," अण्णा म्हणाले. मग थोडा विचार करून, "सरी, घालतो. पण देवळात काढणार."

चिकपेटेतल्या दुकानात त्यांचे कॅनव्हासचे बूट लगेच मिळाले. मला मात्र तळाला खिळे ठोकलेले लष्करी बूट आवडले.

"मिल्ट्रीचा माल आहे सार," दुकानदार म्हणाला. "यांनी लढाई पाहिलीय."

"कोण जिंकलं?" अण्णांनी विचारलं.

मागडीपर्यंत बस आहे, भाडं परवडण्यासारखं. जागा मात्र धोतर सांभाळून मिळवावी लागते. मागडीत इडली खाऊन घ्यावी, कारण पुढे नारळाखेरीज काही मिळत नाही. तिथून पायथ्यापर्यंत जटका, म्हणजे आपला टांगा.

देवळातून बाहेर आल्यावर पायरीवर बसून अण्णांनी निमूटपणे बूट घातले. मी मनात वहिनींना नमस्कार केला आणि चढायला लागलो. पहिल्याच तिरक्या कातळावर माझ्या खिळ्यांनी ठिणग्या पाडल्या आणि मी बसलो. उठलो, पुन्हा बसलो.

"बसून चढायची ही रीत कुठल्या ग्रंथातली?" वरून प्रश्न आला.

शेवटी ते लढवय्ये बूट नाड्या बांधून गळ्यात अडकवले. अनवाणी चढणाऱ्याला बूट घालायला लावणारा मी अनवाणी चढत होतो, आणि अण्णा रबरी तळव्यांनी खडकाला चिकटत, मधूनमधून मला हात देत होते. येऊ इच्छिणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं : या कातळावर खिळे घसरतात, कोल्हापुरी तर घसरतेच. मऊ, पातळ रबर हवं. बुटात बोटांपुढे थोडी जागा असावी, नाहीतर उतरताना नखं सोलतात. पाय सबंध टेकवावा, चवड्यावर नाचू नये. आणि ऊन तापायच्या आत वर पोचावं. हे शेवटचं मी तळपायांच्या अनुभवाने सांगतो.

नंदीपाशी वारा असा की बोलणं ऐकू येईना. खाली रानं, तळी, आणि दूर कुठेतरी बेंगळूर असावं. अण्णांनी नंदीला हात लावला. "यंदा येणं होतंय की नाही असं वाटलं होतं," ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, आणि लगेच, "चला, स्वल्प घाई करा, बस चुकेल."

उतरताना मी प्रत्येक पावलाला कण्हलो. अण्णा पुढे, सरळ, झपाझप.

घरी वहिनींनी आधी माझे फोड पाहिले आणि पोटभर हसल्या. अण्णा पाय धुवायला मागच्या दारी दगडावर बसले. उजवा बूट काढला, तर त्यातून चिंचोक्याएवढा खडा पडला. धारदार होता. मोज्याची टाच रक्ताने भिजून वाळली होती.

"अरे, हा केव्हा शिरला?" अण्णा कौतुकाने म्हणाले.

"टोचला नाही?" वहिनींनी विचारलं. त्यांचं हसू थांबलं होतं.

"छे! कळलंसुद्धा नाही."

डॉक्टर रोज पट्टी बदलतात. जखम लहान आहे, सुकेल म्हणतात. वहिनी मला दोष देत नाहीत. पण तो खडा डोंगरभर अण्णांच्या टाचेत रुतत होता, आणि मधुमेहाने बधिरलेल्या त्या पायाला दुखलं नाही. मला त्याची फार भीती वाटते.