डोक्यावरचं हैदराबाद

आमच्या तेर गावात माझे केस कापणारा माणूस हैदराबादला कधी गेलेला नाही. त्याचा आजा निजामाच्या काळात जाऊन आला होता, आणि तेवढ्या भांडवलावर हा गिऱ्हाइकाच्या डोक्यावर अख्खं शहर मांडतो. कपाळ पश्चिम, मान पूर्व, डावा कान दक्षिण, आणि भांग म्हणजे मुशी नदी. बोलताना त्याची कात्री केसांत कमी, हवेत जास्त चालते. पाण्याचा फवारा मारला की ओरडतो, "आला बघा मुशीला पूर!" मग कपाळावर टॉवेल दाबून म्हणतो, "निजामानं वरच्या अंगाला धरण बांधलं, गुरुजी. आता भ्या न्हाय."

माझ्या टाळूवर एक जुनं टेंगूळ आहे. गेली वीस वर्षं ते चारमिनार आहे.

परवा बाकावर कुणाचा तरी हैदराबादचा जावई बसला होता. तो म्हणाला, "चारमिनार नदीच्या दक्षिणेला आहे. तुम्ही उत्तरेला नेलाय."

कात्री थांबली. मी शाळेत भूगोल शिकवतो, आणि चूक माझ्याच डोक्यावर होती. 

मग कात्री ठेवून त्यानं कंगवा घेतला, माझा डावीकडचा भांग मोडला आणि उजवीकडं नवा पाडला. टेंगूळ आपोआप दक्षिणेला गेलं.

"चारमिनार दगडाचा हाय, त्यो हालत न्हाय," तो जावयाला म्हणाला. "नदीचं काय, ती सरकती."

दुसऱ्या दिवशी घरी भांग परत डावीकडं पाडावा म्हणून मी कंगवा उचलला, आणि खाली ठेवला. भूगोलाच्या मास्तराला ते शोभलं नसतं.