बागेच्या पानांची नावं

सासऱ्यांचं मांडीचं हाड मोडलं आणि निफाडची आमची द्राक्षबाग त्या हंगामात माझ्याकडे आली. नवरा ओझरच्या कारखान्यात कामाला. त्याच्या शिफ्टसाठी फवारणी थांबत नाही. लग्नाआधी मी नाशिकला नोकरी करत होते. लग्नानंतर तिथल्याच सवयीने बागेची माहिती मी स्वतःच्या विकीत, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या पानांच्या डिजिटल वहीत, लिहायचे. प्रत्येक तुकड्याचं एक पान, प्रत्येक औषधाचं एक. एका पानातल्या शब्दावर बोट ठेवलं की दुसरं पान उघडायचं, मोबाइलवरसुद्धा.

तुकड्यांच्या पानांना मी वाणांवरून नावं दिली होती: 'थॉमसन रस्त्याकडचा', 'थॉमसन विहिरीकडचा'. आदल्या वर्षी रस्त्याकडच्या तुकड्यात काळ्या द्राक्षांचा वाण आला, तेव्हा मी उत्साहाने त्या पानाचं नाव बदललं. बाकीच्या पानांवरच्या लिंका मात्र जुन्याच नावाकडे बोट दाखवत राहिल्या.

हे कळलं एका धुक्याच्या सकाळी. अशा हवेत डावणी, म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग, पडायची भीती होती. फवारणीचा ब्लोअर जोडून ट्रॅक्टर उभा होता. ड्रायव्हर म्हणाला, "वहिनी, मागच्या टायमाला इथं काय मारलं होतं? तेच परत नको."

मी औषधांच्या पानावरून लिंक दाबली. 'हे पान अस्तित्वात नाही.' दुसरी दाबली, तेच. नवं पान शोधून काढेपर्यंत ऊन चढलं आणि फवारणी दुसऱ्या दिवसावर गेली. तेवढ्यात एका कोपऱ्यातल्या वेलींच्या पानांवर डावणीचे तेलकट डाग उठलेच.

सासरे खाटेवरून म्हणाले, "सोड ते मोबाइलचं. माझ्या डोक्यात हाय सगळं."

"दादा, तुमच्या डोक्यातलं मला बागेत उभं राहून कसं दिसणार?"

ते म्हणाले, "मंग नीट तरी कर."

दुपारी लॅपटॉप घेऊन मी त्यांच्या खाटेशी बसले. "रस्त्याकडच्याला तुम्ही काय म्हणता?"

"चिंचेचा."

"तिथे चिंच कुठे आहे?"

"तोडली ना. लय वर्षं झाली."

स्वयंपाकघरातून सासूबाई ओरडल्या, "चिंचेचा कोण म्हणतंय? खालचा म्हणत्यात त्याला!"

दोघांची चांगलीच जुंपली. मी मात्र ठरवून टाकलं. पानाचं नाव 'चिंचेचा'. वाण आत एका ओळीत, तो बदलला तर ती ओळच बदलायची. 'खालचा' आणि 'थॉमसन रस्त्याकडचा' अशी दोन छोटी पानं ठेवली, ती उघडली की सरळ 'चिंचेचा'वर नेतात. मग सगळ्या तुकड्यांचं तसंच केलं. कुठल्या पानावरून कुठे लिंक जाते ते विकी दाखवतं. ते बघून एकेक दुरुस्त केली, आणि दुरुस्त केलेली प्रत्येक दाबून पाहिली. कित्येक दुपारी त्यात गेल्या. डोळे चुरचुरायचे. नवरा म्हणाला, "राहू दे थोड्या, काय बिघडतं?" पण अर्धवट सोडायचं नाही, यावर मी ठाम होते.

काढणीआधी व्यापाऱ्याचा माणूस बागेत आला. द्राक्षात औषधाचा अंश नको म्हणून, रस्त्याकडच्या तुकड्यात शेवटची फवारणी कधी झाली, असं त्याने सासूबाईंनाच विचारलं. त्यांनी माझ्या हातातून मोबाइल घेतला, 'खालचा' या त्यांच्याच नावाने पान उघडलं आणि त्याच्यापुढे धरलं. सौदा बांधावरच ठरला.

आता सासरे काठी घेऊन बागेत फिरतात. कालव्यापलीकडे नवी लागवड करायची आहे. खड्डे घ्यायच्या आधीच त्यांनी मला हाक मारली, "सूनबाई, आधी नाव ठरवू. मंग पान कर."