मांडीतली सळई

दहनगृहातला भट्टीवाला तीस वर्षं लोकांच्या राखेतून धातूचे गुडघे, खुबे, सळया वेचून पिंपात टाकत आला होता. पिंप भरलं की ते वितळवायला जाई. म्हणूनच मांडीत सळई बसवलेली त्याची बायको कण्हू लागली की तो डाफरायचा, "हजारो पाहिल्यात मी! आगीत वाकत नाही ती. उगाच नाटकं नकोत." दोन वर्षांनी तिने तोंडाला कुलूपच लावलं.

ती गेल्यावर तिची राख त्याने स्वतः चाळली. सळई सापडली, पण दोन तुकड्यांत. आगीत मोडली म्हणावं, तर मोडलेली टोकं घासून घासून गुळगुळीत झालेली.

"सांगत होतीस गं," तो राखेला म्हणाला.