परत मागितलेलं सोनं

माझी बहीण जनका हिने लग्न झाल्यापासून शेजारून कधी विरजणसुद्धा मागितलं नाही. विरजण संपलं तर त्या दिवशी घरात दही नसे. मागणं तिला जमतच नाही. मी तिचा मोठा भाऊ. बायको गेल्यावर तिच्याच घरी, सोनाळ्याला, येऊन राहिलो आहे. बहिणीच्या घरचं जेवताना मला अजून अवघडायला होतं. लिहिण्याची मला सवय नाही, पण तिची ही गोष्ट ती स्वतः कधी सांगणार नाही.

तिचे यजमान नारायणराव कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. निवृत्तीनंतरही ते जंगलात जातात आणि रोगट पानं घेऊन येतात. जिवंत पानांवर वाढणारी बुरशी हा त्यांचा विषय. पानं वर्तमानपत्रात घालून दाबून ठेवायची, वाळली की सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. लग्न नवं असताना जनकाने त्यांना म्हटलं होतं, "इतकं जंगल फिरता, घरासाठी टेंभरं तरी आना." ते हो म्हणाले, आणि पुढेही फळांऐवजी पानंच आणत राहिले. तिने पुन्हा कधी म्हटलं नाही.

गेल्या वर्षी पावसाळा सरताना त्यांना डोंगरात एका आपट्यावर काळी बुरशी दिसली. पानाच्या खालच्या अंगाला, काजळाचं बोट टेकवल्यासारखे बारीक ठिपके. तिच्या बीजाणूंचा आकार कोणत्याही पुस्तकातल्या वर्णनाशी जुळेना. त्यांनी पुण्याच्या एका तज्ज्ञ बाईंना फोटो पाठवले. त्या म्हणाल्या, जात नवीन दिसते आहे, पण फोटोवरून नाव देता येत नाही. ज्या पानांवरून नाव ठरतं ती पानं संग्रहात कायमची ठेवावी लागतात. नीट वाळली की पाठवा.

ती पानं पलंगावर गादीखाली वाळत होती, आणि दसरा आला.

मी आणि नारायणराव सीमोल्लंघनाला गेलो होतो. घरी माणसं येत होती, बाजारातून आणलेली आपट्याची जुडी संपली, आणि जनकाला गल्लीतल्या म्हाताऱ्या बायांना सोनं द्यायला जायचं होतं. गादीचं टोक वर आलेलं दिसलं म्हणून तिने कागद उघडला. आपट्याची पानं, एकेक सरळ करून ठेवलेली. तिने ती तबकात घेतली आणि गल्लीभर वाटून आली.

नारायणराव घरी आले, त्यांनी गादी उचलली, रिकामे कागद पाहिले. मला वाटलं ओरडतील. ते पलंगावर बसले आणि एकेक कागद घडी घालून ठेवू लागले. जनका दारात उभी होती.

"ते सोनं नोह्यतं काय?" तिने विचारलं.

"नव्हतं," ते म्हणाले. "जाऊ दे. तुला सांगायला हवं होतं."

दुसरी पानं आणावी म्हणून ते सकाळीच डोंगरात गेले. दुपारी हात हलवत परतले. दसऱ्यासाठी त्या झाडाच्या फांद्याच कोणी तोडून नेल्या होत्या, आणि आसपासच्या आपट्यांवर ती बुरशी नव्हती. ते न जेवताच आडवे झाले. जनकाने त्यांचं ताट झाकलं, पदर खोचला आणि मला म्हणाली, "दादा, चष्मा घे अन् चाल माह्यासंगं."

"कुठी?"

"सोनं वापस मागाले."

आमच्याकडे दसऱ्याचं सोनं देवापुढे ठेवतात. दिलेलं सोनं परत मागितल्याचं मी उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. पहिलं घर शकूरभाई शिंप्याचं होतं. जनका ओट्यापाशी उभी राहिली, पण तोंडातून शब्द निघेना. शेवटी मीच सांगितलं. शकूरभाईंनी मशीन थांबवलं.

"भाबी, आमाले वाटलं सोनं पचलं," ते म्हणाले. "बरं झालं, सायरानं त्याचे झुमके नाही बनवले." आतून सायरा हसली. त्यांनी खणातली सगळी पानं आमच्यापुढे ओतली. बाजारातली पानं सुकून वळली होती. दाबलेली तेवढी सपाट होती. ती उलटून मी चष्म्यातून ठिपके बघायचो आणि जनका ती कागदात घालायची. लोक येता-जाता थांबायचे. दोन म्हातारी माणसं दुसऱ्याच्या ओट्यावर सोनं निवडत बसलेली. जनकाने मान वर केली नाही.

पुढच्या घरची पानं बकरीने खाल्ली होती. एका घरी ती केरात गेली होती, जनका उकिरड्यापर्यंत गेली. तिथून निघताना ती हळूच म्हणाली, "दादा, कागद उघडला तं मले काय वाटलं सांगू? मले वाटलं, यायनं या टायमाले घरासाठी आनलं. माह्यासाठी, सरळ करू करू ठेवलं. मी खुशीत वाटून आली."

मी तिच्या हातातला कागद घेतला आणि चालू लागलो.

कागदात मोजकीच पानं जमली होती, तीही कडांनी तुटलेली. शेवटचं घर तानुबाईचं. तिची जीभ गावाला माहीत आहे.

"काऊन वं जनके, सोन्याचा भाव वाढला काय?" ती बाजेवरून म्हणाली. "काल पाया पडून देल्लं अन् आज वापस?"

बाजूला सुना उभ्या होत्या. जनकाचे कान लाल झाले. "चुकलं माह्यं, मावशी. ते सोनं नोह्यतं. रोगाचे पानं होते. यायच्या कामाचे."

"मंग मले रोगाचे पानं देल्ले?"

"मलेबी सोनंच वाटलं होतं."

तानुबाईने देवाकडे पाहिलं. मग म्हणाली, "देवापुढचं मी कोनाले देत नसतो. पन देवाले रोगाचं पान ठेवाचं नाही. घरून चांगलं आन, तुह्या हातानं ठेव, मंग हे ने."

जनका घरी गेली, आमच्या देव्हाऱ्यातलं सोनं घेऊन आली आणि गुडघे टेकून तानुबाईच्या देवापुढे ठेवलं. तिथली पानं उचलली. ती सगळ्यांत चांगली होती, अख्खी, ठिपके दाट. फक्त त्यांच्यावर हळदकुंकू पडलं होतं. जनका ते पुसायला गेली तेव्हा मी तिचा हात धरला. ठिपकेही पुसले गेले असते.

जमलेली सगळी पानं पुण्याला गेली. काही महिन्यांनी त्या बाईंचा फोन आला. जात नवीन ठरली होती, आणि ज्यावरून नाव ठरणार ते तानुबाईकडचंच पान होतं. "पण सर, पानावर हा लाल डाग कशाचा?" त्यांनी विचारलं. नारायणरावांनी जनकाकडे पाहिलं. ती उठून आत गेली.

"कुंकू आहे," ते म्हणाले. बाजूला कुणीतरी हसलेलं फोनमधून मला ऐकू आलं.

संध्याकाळी त्यांनी तिला विचारलं, "नाव ठेवायचं आहे. तुझं ठेवू?"

"बेइज्जती कमी झाली काय," ती भाकरी थापत म्हणाली, "का आता बुरशीलेबी माह्यं नाव देता?"

मग त्यांनी गावाच्या नावावरून ठेवलं.

यंदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी नारायणराव डोंगरातून आपट्याची जुडी घेऊन आले आणि जनकाच्या हातात दिली. "ही घरासाठी," म्हणाले. ती जुडी घेऊन उंबऱ्यात बसली, चष्मा लावला आणि एकेक पान उलटून पाहू लागली. नारायणराव तिच्या शेजारी बसले, पण त्यांनीही पानांची खालचीच बाजू पाहिली.

दसऱ्याला तिने गल्लीतल्या सगळ्यांना सोनं दिलं. तानुबाईने पान घेतलं, उलटून पाहिलं आणि म्हणाली, "उद्या कोन्त्या टायमाले येशीन, तेवढं सांगून जा."

सुना हसल्या. जनकाही हसली, पण लाजून कपाळावर ओढलेला पदर घरी येईपर्यंत तिने मागे घेतला नाही.