तीनशे डीपीआय आणि सोनाआजी

मंडळी, आज माझं डोकं चालेनासं झालंय, म्हणून थेट तुम्हालाच विचारते.

सोनाआजी म्हणजे आमच्या पोलादपूरकडच्या कापडे गावच्या सुईण. मीसुद्धा त्यांच्याच हातून जन्मले. त्यांच्यावरचा माझा लेख पुण्याचं एक मासिक छापतंय, सोबत पानभर फोटो. मागच्या आठवड्यात काढलेला, त्या खळखळून हसतानाचा फोटो मी पाठवला. काल संपादकांचं उत्तर आलं, "तीनशे डीपीआय हवा, म्हणजे छापताना एका इंचात तीनशे ठिपके."

मी कॉम्प्युटरवर डीपीआयच्या चौकटीतलं बहात्तर पुसून तीनशे केलं. फोटो होता तसाच दिसला. सकाळी महाडच्या स्टुडिओवाल्या काकांना दाखवला.

"आकडा बदलून काय होणार? तुम्ही कॅमेराच लहान साइजवर ठेवला होतात. फोटोत पिक्सेल, म्हणजे ठिपकेच कमी आहेत. नीट छापला तर काडेपेटीएवढा येईल, पानभर केलात तर चेहरा फुटेल."

सेटिंग वाढवून दुपारी कापड्याला गेले. आजी नवी साडी नेसून ताठ बसल्या.

"आजी, त्या दिवसासारख्या हसा ना."

"तवा तुझ्या जन्माची गोष्ट सांगत होते, म्हणून हसू आला. आता उगाच कशी हसू गो?"

मी तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावली. त्यांनी सांगितली, पण कॅमेऱ्याकडे बघत, शाळेत धडा वाचावा तशी.

नवा फोटो एकदम स्वच्छ आलाय. सुरकुती न् सुरकुती दिसते, फक्त आजी दिसत नाहीत.

उद्या फोटो पाठवायचाय. नवा पाठवू, की संपादकांना सांगू, लहान छापा पण हसणाऱ्याच छापा?