त्या शिशीत दारू नव्हती

मालकाच्या पोरानं माझ्या बायकोच्या पिशवीतून चपटी शिशी काढली आणि माझ्या नाकाला लावली.

"हुंग. तुझीच बायको आहे ना? सांग सगळ्यांना, काय आहे."

हिंगणघाटच्या एका जिनिंगच्या फाटकावर मी चौकीदार होतो. नव्वदनंतरची गोष्ट. माझी बायको सुमन आत कापसाच्या टोपल्या वाहायची. कामावर येणाऱ्या बाया, बंडीवाले, मुकादम, सगळे बघत उभे.

शिशीत ओवा, बाळंतशेपा आणि सुंठेचा काढा होता. गूळ घातलेला. पाळीत तिच्या पोटात पिळे पडत. आईनं शिकवलेला तो काढा घोट घोट पीत ती दिवस काढायची. शिशी नालीतली, राखेनं घासलेली. आमचा जिल्हा दारूबंदीचा, म्हणून चोरून पिऊन फेकलेल्या अशा शिश्यांना तोटा नाही.

मला वास कळला. पहाटेपासून घरभर तोच होता. एक शब्द पुरे होता. पाळी. तो माझ्या तोंडून निघेना. इतक्या माणसांत बाईच्या त्या गोष्टीचं नाव घ्यायचं?

"मले नाई माहीत, छोटे मालक," मी म्हणालो.

मुकादम हसला. "नवऱ्यालेच माहीत नाई, मंग देशीच असन. यांच्या वस्तीत आता बायाही घेतेत वाटते."

पोरानं काढा मातीत ओतला. सुमननं माझ्याकडे एकदा पाहिलं. टोपली उचलून आत गेली.

दुपारी ती कोसळली. बायांनी तिला कापसाच्या ढिगावर टेकवलं. मुकादम धावत आला.

"ढिगावरून काढा तिले. मालाले डाग लागन."

डाग. दारूचा डाग कोण म्हणतं? म्हणजे त्याला सकाळीच ठाऊक होतं; ओव्याचा वास लपत नाही. सगळ्यांनाच ठाऊक होतं. गंमत बघायची होती, ती मी दाखवली.

मी काठी फेकली. मालकाच्या पोरासमोर गेलो. "पाळीचा काढा होता तो. तुमच्या घरच्या बायांचंही पोट दुखत असन. घरी जाऊन त्यायच्याही पिशव्या हुंगा." त्यानं हात उगारला. मी तो धरला, सोडला नाही. संध्याकाळी आम्ही दोघंही कामावरून बाद.

वस्तीत मी शूर ठरलो. तीच गोष्ट इतकी वर्षं सांगत आलो, फाटकावरची सकाळ गाळून. सुमननं कधी चारचौघांत मला खोटं पाडलं नाही. घरी मात्र एकदाच म्हणाली, "सकाळी बोलले असते, तं मी पडली नसती." म्हणून ती सकाळ आज लिहून ठेवली.

तो पोरगा आता पुढारी आहे. दारूबंदीच्या सभेत भाषणं ठोकतो. येत्या सभेला मी जाणार आहे, चपटीत ताजा काढा भरून. सुमनला सांगितलं. ती ओवा निवडत होती.

"मीबी येतो संगं," म्हणाली. "पण या टायमाले तुमी नका बोलू. मी बोलतो."

बोलू दे तिला. शिशी मी धरीन. सगळ्यांसमोर. त्याच्या नाकाला.