दोन चढांमधला दम

ईशाचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "श्रीकाका, बाबा उठत नाहीये... तू ये ना लवकर." मुलुंडहून नाहूर ते कितीसं लांब! तरी मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. हॉलमध्ये स्टँडवर जखडलेली सायकल, आणि सुहासला शेजाऱ्यांनी खाली उतरवून दिवाणावर निजवलेलं. अंगातला टीशर्ट घामाने अजून ओला होता. या गोष्टीला आता काही आठवडे झालेत, पण लिहायला बसलो की तो टीशर्टच आधी आठवतो आणि दुःखाच्या आधी सुहासचा रागच येतो.

सुहास माझा शाळेपासूनचा मित्र. चाळिशीत त्याला सायकलचं वेड लागलं आणि माणूस कामातून गेला. आमच्याकडे घाट कुठले, म्हणून भल्या पहाटे उड्डाणपूल गाठायचा आणि तोच पुन्हा पुन्हा चढायचा, ही उपनगरातल्या सायकलवाल्यांची रीत. माझ्या पोटासकट मलाही त्याने तिथे ओढून नेलं. एका चढात माझी वाट लागायची, आणि हा शांतपणे शिकवायचा. "चढणं सोपं रे. दोन चढांच्या मध्ये तू काय करतोस, ते खरं. बिल्डिंगची टाकी असते ना, तसं समज. जोर लावलास की भसाभस रिकामी, जोर सोडलास की परत भरते. आधी भरभर, मग रडतखडत. माझ्यासारख्याची लवकर भरते, कारण सराव. पण दर चढाला थोडी कमीच, हां."

मधल्या वेळात जितका कमी जोर, तितकं लवकर भरतं, हा त्याचा हेका. घरात स्टँडवर सायकल मारतानाही तो भिंती हादरेपर्यंत पाय मारायचा आणि मग एकदम थांबून हँडलवर कपाळ टेकून बसायचा. त्याची मुलगी ईशा कॉलेजकडून शर्यतीत उतरते. तिचं म्हणणं, पाय हलके फिरवत राहावेत, नाहीतर आखडतात. बापलेकीची ही भांडणं जेवणाच्या ताटावरही चालायची आणि मीनल, सुहासची बायको, वैतागून दोघांना आधी गिळा म्हणायची. तिला त्यातलं एवढंच कळायचं की चाकाची घरघर चालू म्हणजे मेहनत, आणि घरात शांतता झाली म्हणजे नवरा दम घेतोय.

तो गेला त्या आठवड्यात त्याचा ताप नुकताच उतरला होता. डॉक्टरांनी आराम सांगितलेला. आदल्या दिवशी फोनवर मला म्हणतो, "अरे, नाडी बघ माझी, किती पटकन खाली येते! टाकी भरलीय." मी शिव्या घातल्या, तो हसला. मिनिटांचा हिशेब मुखपाठ असलेल्या माणसाने आजारातून भरून यायलाही तोच हिशेब लावला. तापाने हृदयाला सूज आली असावी, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

"घरघर थांबली तेव्हा मी पोहे परतत होते," मीनलने मला सांगितलं. "गॅस बारीक करून झाकण ठेवलं. भाऊजी, मला बरं वाटलं हो, बसला एकदाचा शांत म्हणून..."

तेरावं झालं आणि ईशाने सायकलचं नाव काढलं. मीनल कडाडली, "ती सायकल या घरात नको. तू पण तशीच मला सोडून जाणार का?" ईशा रडत म्हणाली, "आई, बाबांसाठी नाही गं, मला स्वतःला हवीय ती." मला मध्यस्थीला बोलावलं. मी एवढंच म्हणालो की आधी पोरीच्या सगळ्या तपासण्या करू. त्या ठीक आल्या. मीनलने हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही.

गेल्या रविवारी गेलो तर ईशा हॉलमध्ये सायकलवर होती. जोर संपला, घरघर उतरत गेली आणि मीनल हातातली सुरी तशीच घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली. ईशाचे पाय सावकाश फिरत होते. क्षणभर बघून मीनल आत वळली.

"पूर्ण थांब की, लवकर भरेल," मी सुहासचंच वाक्य बोलून गेलो.

"माहितेय. बाबाचं बरोबर होतं," ती दबक्या आवाजात म्हणाली. "पण आवाज बंद झाला की आई धावत येते, काका."

पाय तिने तसेच फिरवत ठेवले. आत भाजी चिरणं पुन्हा सुरू झालं.